कडेची ओल

अमेरिकन फुटबॉलमध्ये मी सेंटर. म्हणजे वाकून दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्याच्या, हातात द्यायचा आणि मग अंगावर येणारी दीड-दीडशे किलोची धुडं त्याच्यापर्यंत पोचू द्यायची नाहीत. उभी हयात यात गेली. मागे कोण उभा आहे हे मला न बघताच कळतं. डग हॉलस्ट्रॉम असला की शांतता. तो जागचा हलायचाच नाही. लेमॉन्ट पेटवे असला की पायांची चुळबुळ. तो पळणारा, आणि असा पळणारा मी दुसरा पाहिला नाही.

त्या डिसेंबरात घोटा मुरगळल्यामुळे लेमॉन्ट बाकावर होता आणि डग खेळत होता. रविवारचा सामना आमच्याच मैदानावर, हरलो तर हंगाम संपला. समोरच्यांचा क्वार्टरबॅकही लेमॉन्टच्याच जातीचा, चेंडू फेकण्याऐवजी घेऊन पळणारा. कोच ब्रिंकर फळ्यावर रेघोट्या मारून थकले आणि वैतागून लेमॉन्टकडे वळले.

"काय रे, नुसता बसून खातोयस. तुला कसं अडवायचं ते तरी सांग."

"मला? मला अडवणारा अजून जन्मायचाय, कोच."

सगळे हसले. तो मात्र खरंच विचारात पडला.

"मधल्या भागात काही करू नका," तो म्हणाला. "तिथं मी सरळच पळतो. कडेला वळतो ना, तिथलं गवत वाढू द्या आणि मुरेपर्यंत पाणी मारा. वरून कळता कामा नये. वळायला पाय रोवला की माती तो सोडतच नाही. तिथं मी अर्धाच उरतो."

"काय हलकट आहेस रे!" डग कौतुकानं म्हणाला.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्या धंद्यात प्रत्येकजण घरचं मैदान आपल्या सोयीचं करून ठेवतो, आणि पाहुण्यांनी ते ओळखायचं असतं. शनिवारी कडेला पाइप सोडले. करपलेल्या गवतावर हिरवा रंग मारला. टीव्हीवर गालिचा अंथरल्यासारखं दिसत होतं.

डाव जमला. पाहुण्यांचा तो पोरगा दोनदा कडेला पाय रुतून पडला आणि मग तिकडे फिरकलाच नाही. लेमॉन्ट नावापुरता गणवेश चढवून बाजूला उभा होता, टाळ्या पिटत होता. एवढ्यात डगला दोघांनी दाबला. तो उठला तेव्हा त्याचा खांदा भलतीकडेच लोंबत होता.

कोचनी मागे वळून पाहिलं, तर लेमॉन्टनं हेल्मेट आधीच चढवलेलं. त्याला आत घ्यायला नको होतं. हे सगळ्यांना कळत होतं, आणि बोललं कुणीच नाही. मी त्याच्या हेल्मेटची जाळी धरून त्याला ओढला.

"कडेला जायचं नाही. समजलं? कुणी अंगावर आला तर सरळ लोळण घे."

"हो रे म्हाताऱ्या. खड्डा मीच खणलाय, मला नको दाखवूस."

बराच वेळ तो शहाण्यासारखा मधेच राहिला, चेंडू फेकत राहिला. मग एकदा आमची फळी फुटली. दोघं आत घुसले आणि मोकळी राहिली फक्त उजवी कड. लहानपणापासून ज्या पायांनी त्याला वाचवलं, ते पाय त्याला न विचारताच तिकडे धावले. त्यानं वळायला पाय रोवला. पाय तिथंच राहिला आणि लेमॉन्ट पुढे गेला. जवळपास कुणीही नव्हतं. तो ओरडला.

गाडीवर चढवताना त्यानं माझी बाही गच्च धरली.

"ग्रेडी, आईला सांगू नकोस."

"काय?"

"पाण्याचं. ते मी सुचवलं होतं म्हणून."

त्याची आई अलाबामाहून आली होती; तिकडच्या रीतीनं आम्ही त्यांना मिस व्हर्ना म्हणायचो. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यात सगळंच तुटलंय, पण चालता येईल. पळण्याचं त्यांनी नाव काढलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. डॉक्टर गेल्यावर मिस व्हर्ना हॉस्पिटलच्या बोळात माझ्यासमोर उभ्या राहिल्या. खोलीचं दार किलकिलं होतं. आत लेमॉन्ट जागा होता.

"त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही, ग्रेडी. मी बघत होते. पडला कसा?"

"कडेला ओल होती, मिस व्हर्ना."

"आठवडाभर पावसाचा टिपूस नाही. ओल आली कुठून?"

"आम्हीच पाणी मारलं होतं. त्या दुसऱ्या पोरासाठी."



"त्यालाही आई असेल की रे."

मला मान वर करवेना. लाज वाटत होती.

"आणि माझ्या लेकाला आत सोडताना एकानंही सांगितलं नाही? तिथं ओलं आहे, जपून जा, एवढं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

आतून काही आवाज आला नाही.

"नाही," मी म्हणालो. "कुणीच सांगितलं नाही."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "दर सणाला माझ्या हातचं खात आलास तू," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.