मक्याच्या बादलीची घाई

मित्रांनो, मी एक जुनी एनॅमलची बादली आहे आणि मला थोडी घाई आहे. अजय ड्रिलचा बिट शोधतोय. तो सापडला की माझ्या बुडाला भोक पडणार. सुदैवानं गॅरेजमध्ये पसारा भरपूर आहे, त्यामुळे माझी गोष्ट सांगून होईल असा अंदाज आहे.

भोक कशासाठी, तर सीमाला, म्हणजे अजयच्या बायकोला, माझ्यात जिरेनियम लावायचेत. तिनं कुठल्याशा मासिकात तसा फोटो पाहिला. जिरेनियमला मी नावं ठेवत नाही. पण ते झाड कुठे जात नाही, काही करत नाही आणि मरायचंही मनावर घेत नाही. त्याला पोटात घेऊन मी दाराशी बसून राहायचं. माझा स्वभाव तसा नाही. मला रिकामं ठेवलं तरी माझी कडी आपोआप कुरकुरते.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा ठोकून आकार दिला, वर काचेसारखा लेप चढवला आणि भट्टीत घातलं. बाहेर आले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते, काठ निळा, आणि झाकणावर ठळक काळ्या अक्षरांत लिहिलं होतं 'नॅपीज', म्हणजे बाळाचे लंगोट. मला कुणी विचारलं नव्हतं. पण तुमची नावं ठेवताना तुम्हाला तरी कुणी विचारलं होतं?

यादवराव आणि भीमाबाईंनी मला बर्मिंगहॅमच्या एका दुकानातून आणलं, तेव्हा त्यांचा अजय नुकताच जन्मला होता. त्याच्या नॅप्या मी रोज उकळल्या. तेव्हा सगळे माझं कौतुक करत. अजयबद्दल मला जे ठाऊक आहे ते आज त्याच्या ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही, आणि मी आजवर तोंड उघडलेलं नाही. पोरगा मोठा झाला, मी जिन्याखाली गेले. पुष्कळ वर्षं तिथे व्हॅक्यूम क्लीनरच्या शेजारी काढली. तोही फारसा बोलत नसे.

मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला यादवरावांच्या कारखान्यानं माणसं कमी केली. त्यांत यादवराव होते. त्यांना घरी बसता येईना. दिवसभर पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत आणि मागच्यातून पुढच्या खोलीत. शेवटी भीमाबाई म्हणाल्या, "अहो, कार्पेट झिजलं. बाहेर जाऊन चाला. रस्ता कौन्सिलचा आहे."

यादवराव चालत कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीपर्यंतच गेले आणि भाजी लावायला जमिनीचा एक तुकडा भाड्यानं घेऊन आले. अलॉटमेंट म्हणतात त्याला. शेजारचा तुकडा क्लॅरिसचा होता. ती मूळची जमैकाची, हॉस्पिटलात नर्स. तिची आई, मिसेस पर्ल, नुकतीच तिच्याकडे राहायला आली होती आणि जेवणाचं प्रत्येक ताट मागे सारत होती.

"तिला हॉमिनी हवंय," क्लॅरिस म्हणाली. "डब्यातलं आणलं तर तिनं कुत्र्याला घातलं. कुत्र्यानंही नको म्हटलं. दिवसेंदिवस बारीक होत चाललीय, आणि मला ड्यूट्यांमधून वेळ नाही. बी आहे माझ्याकडे. घरचं."

"नो प्रॉब्लेम," यादवराव म्हणाले. "मी करून देतो."

मित्रांनो, या दोन इंग्रजी शब्दांनी यादवरावांनी आयुष्यात बरेच प्रॉब्लेम तयार केले होते. हॉमिनी म्हणजे काय हे त्यांनी होकार दिल्यावर विचारलं. क्लॅरिसनं सांगितलं: मका झाडावरच वाळवायचा, दाणे राखेच्या पाण्यात उकळायचे, साल सोलून काढायची, आणि मग दाणे टपोरे फुगेपर्यंत शिजवायचे.

त्या वर्षी उन्हाळा चांगला पडला. मका यादवरावांच्या डोक्यावरून गेला. आजूबाजूचे लोक आपापली कोवळी कणसं खुडून लोणी लावून खात होते आणि यादवराव हात मागे बांधून आपली कणसं जून होताना बघत होते. पण बर्मिंगहॅममध्ये काहीही पूर्ण वाळत नाही, यात माणसांचे कपडेही आले. म्हणून अर्धवट वाळलेली कणसं घरी आली आणि गरम पाण्याच्या टाकीजवळच्या कपाटात मोज्यांशेजारी लटकली.

"अहो," भीमाबाई म्हणाल्या, "मी मोजा ओढला तर हातात कणीस आलं."

"वाळलंय का?"

"मोजा ओला आहे. कणसाला मी विचारलं नाही."

दाणे वाळले तेव्हा थंडी पडली होती. आता राख हवी होती. घरात शेगडी गॅसची, राख आणायची कुठून? पण यादवराव जेवणानंतर पान खाणारे. साल काढायची तर पानाचा चुना काय वाईट, असा त्यांनी हिशेब केला आणि सोहो रोडवरच्या पानवाल्याकडे गेले. त्यांनी किलोभर चुना मागितला तेव्हा पानवाल्यानं विचारलं, "लग्न आहे का घरी?"

"नाही. मका आहे."

पानवाल्यानं चुना तोलून दिला आणि तो पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

पहिला प्रयोग भीमाबाईंच्या जर्मनच्या पातेल्यात झाला. अॅल्युमिनियमला त्या जर्मनच म्हणत. ते पातेलं त्यांच्या आईनं दिलेलं, नागपूरहून बोटीनं आलेलं. चुन्याचं पाणी तापलं तसं ते फसफसू लागलं, आणि आतून काळं ठिक्कर पडलं. मकाही राखाडी झाला.

भीमाबाई ओरडल्या नाहीत. पातेलं हातात घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. यादवराव शेगडीपासून दारापर्यंत आणि दारापासून शेगडीपर्यंत फिरत राहिले.

"तिकडे ती म्हातारी उपाशी बसलीय," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय."

भीमाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. जिन्याखाली जाऊन त्यांनी मला बाहेर काढलं, घासलं आणि गॅसवर ठेवलं. "हिला घ्या. हिला काही होत नाही. हिनं तुमच्या लेकाला सोसलंय."

मित्रांनो, तो दिवस मला आठवतो. माझ्या पोटात दाणे खालून वर, वरून खाली धावत होते. पाणी पिवळं धम्मक झालं. नव्यानं चुना दिलेल्या भिंतीचा वास येत होता, आणि त्याच्या मागून भाकरीचा. रात्रभर दाणे त्याच पाण्यात राहिले. सकाळी चोळले तर साल सुटून आली. सिंक तुंबलं. यादवराव पाणी बदलत राहिले आणि दर वेळी एक दाणा जिभेच्या टोकाला लावत राहिले. पानात चुना जास्त झाला की जीभ चुरचुरते, ती त्यांची मोजपट्टी. जीभ गप्प झाल्यावर ते म्हणाले, "झालं."

मग आम्ही बसनं क्लॅरिसच्या घरी निघालो. यादवरावांनी मला मांडीवर घेतलं होतं. झाकणावरचं नाव वाचून समोरची बाई उठली, मग बाजूचा गृहस्थ. तिसऱ्या स्टॉपपर्यंत बसचा अर्धा भाग आमचा होता. यादवरावांना वाटलं, लोक किती सभ्य आहेत.

मिसेस पर्लनी दार उघडलं. त्या खरंच काठीसारख्या झाल्या होत्या. त्यांनी झाकण मोठ्यानं वाचलं. "नॅपीज."

"मॅडम," यादवराव म्हणाले, "तो मुलगा आता युनिव्हर्सिटीत आहे."

 मिसेस पर्लनी झाकण उचललं, वाकून वास घेतला आणि मला घेऊन आत गेल्या. नारळाचं दूध, जायफळ आणि माझ्यातले दाणे घालून त्यांनी स्वतः खीर शिजवली. एक वाडगा संपवला. चमचा चाटला.

"साखर कमी आहे," त्या म्हणाल्या आणि वाडगा पुन्हा भरला. क्लॅरिस स्वयंपाकघराच्या दारात पाठ फिरवून उभी राहिली.

त्यानंतर दर वर्षी मका लागला. माझे सुखाचे दिवस तेच. उरलेल्या दाण्यांची भीमाबाई झणझणीत उसळ करत, आणि एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीला मी उसळीनं भरून हॉलवर जात असे. तिथे मधुमतीबाई नावाच्या एक प्राध्यापक बाई मला पाहून दर वर्षी म्हणत, "भीमाबाई, झाकण तरी उलटं ठेवा." आणि दर वर्षी दोनदा उसळ घेत.

पुढे मिसेस पर्ल गेल्या, पोटभर जेवून, वयानं. ब्याण्णवच्या थंडीत भीमाबाई गेल्या. अजय वडिलांना मिल्टन कीन्सला घेऊन आला. सामानात मीही आले आणि थेट गॅरेजमध्ये.

मिल्टन कीन्समध्ये एका राउंडअबाउटमधून, म्हणजे गोल चौकातून, सुटलं की दुसरा लागतो. येरझारा घालायला जन्मलेल्या माणसाला याहून योग्य गाव नाही. पण यादवराव टीव्हीपुढच्या खुर्चीत बसले ते बसलेच. टीव्ही बंद असला तरी बसतात. सीमा फोनवर मैत्रिणीला सांगते, "बाबा इथे येऊन किती शांत झालेत." मित्रांनो, ती शांती नाही. मी बादली आहे. रिकामं असणं मला ओळखता येतं.

थांबा. बिट सापडला.

अजयनं मला उपडं केलं. ड्रिल सुरू झालं. एनॅमलचा टवका उडाला, मग पत्रा किंचाळला, तो आवाज घरभर गेला. मी ओरडले की ड्रिल, ते मलाही कळलं नाही. आणि बुडातून उजेड आत आला.

गॅरेजच्या दारात यादवराव उभे होते. सपाता घालून. त्यांच्यामागे सहा वर्षांची नात, मीनल.

"काय करतोयस?"

"बाबा, जिरेनियम. पाणी जायला होल पाहिजे ना."

यादवरावांनी मला उचललं आणि भोकाला डोळा लावला.  मला वाटलं, आता ते जाऊन पुन्हा खुर्चीत बसतील.

"एकच?"

"झाडाला एक बस झालं."

"झाडाला होईल. मका धुवायला होणार नाही. सालं अडकतील. अजून पाड, बारीक पाड, आणि काठाला नको."

"बाबा, पण सीमाचे..."

"तिला कुंडी आणून दे. पाड."

अजयनं एकदा घराकडे पाहिलं आणि ड्रिल पुन्हा सुरू केलं. मीनलनं आपल्या तोडक्या मराठीत विचारलं, "आजोबा, पण आता हा बादली पाणी कसा ठेवणार?"

"नाही ठेवणार," यादवराव म्हणाले. "शिजवायला दुसरं भांडं बघू. स्टीलचं. ही आता चाळण. क्लॅरिसकडे बी असेल. इथे अलॉटमेंट कुठे मिळते, तुला माहीत आहे का?"

तर मित्रांनो, मी आता चाळण आहे. शिजवणं सुटलं, त्याचं वाईट वाटतं. पाणी माझ्यात थांबत नाही. पण मला तरी कुठे थांबायचं होतं? तुम्हाला एवढंच सांगते: घरातल्या जुन्या वस्तूला भोक पाडायचं असेल तर खुशाल पाडा. फक्त आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुठे आणि किती.

आता पुरे. यादवराव एका पायात बूट घालून दुसरा शोधतायत.