अर्ध्या रंध्याचा विमानप्रवास

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. खरे सांगायचे तर आता अर्धाच आहे, पण पूर्ण होतो तेव्हापासून सांगतो, म्हणजे तुम्हाला नीट कळेल. सुताराच्या हातातला रंधा तुम्ही पाहिला नसेल, तर ऐका. वीतभराहून थोडा लांब लाकडी ठोकळा, त्याच्या मध्यावर एक तोंड, तोंडात तिरके बसवलेले पोलादी पाते आणि ते पाते घट्ट धरून ठेवणारी लाकडी पाचर. ठोकळा खडबडीत फळीवरून ढकलला की पाते तिची पातळ साल काढत जाते आणि फळी गुळगुळीत होते. तो ठोकळा म्हणजे मी.

माझा जन्म पाडून टाकलेल्या एका जिन्याच्या पायरीतून झाला. लोकांच्या पायाखाली जाणे मला नवे नव्हते, त्यामुळे आपण काहीही सोसू शकतो अशी माझी समजूत होती. मला घडवले मिस्त्रींनी. तेव्हा त्यांना कोणी मिस्त्री म्हणत नसे. ते विशीतले शिकाऊ सुतार होते आणि त्यांच्या गुरूंना सगळे थोरले मिस्त्री म्हणत. थोरल्या मिस्त्रींचा हात वयोमानाने थरथरू लागला, तेव्हा त्यांनी आपल्या रंध्याचे पाते काढून यांच्या तळहातावर ठेवले. त्या पात्यासाठी यांनी मला कोरले, घासले, तीन दिवस तेलात मुरवले. म्हणजे पाते माझ्याहून थोरले. मी त्याच्यासाठी जन्मलो, ते माझ्यासाठी नव्हे.

थोरल्या मिस्त्रींनी पाते देताना एकच गोष्ट बजावली होती. "रंधा खाली ठेवताना कुशीवर ठेवायचा. तळावर ठेवलास तर धार जाते, आणि धार गेली की सुताराची पत जाते."

मिस्त्रींनी हे असे पाळले की विचारू नका. चहाचा पेला आला, गिऱ्हाईक आले, एकदा तर शेजारच्या दुकानात आग लागली, तरी त्यांनी आधी मला कुशीवर ठेवले आणि मग बादली उचलली. बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यावरून त्यांना पुढे कितीतरी वर्षे बोलून घेतले. रोज सकाळी ते बुटाच्या टाचेने माझ्या मागच्या अंगावर दोन ठोके देत. पाचर सैल होई, पाते बाहेर येई, दगडावर धार लागे आणि पाते परत माझ्या तोंडात बसे. दाराची चौकट असो की शाळेचा बाक, शेवटचा हात माझाच. दुकानात पुढे विजेची यंत्रे आली, पण यंत्राचे काम झाले की मिस्त्री फळीवर तळवा फिरवत, नाक मुरडत आणि मला हाक मारल्यासारखा हात लांब करत. तळहातावरच्या फोडासारखे जपले त्यांनी मला. हे मी आजही नाकारत नाही.

मग एकुलती लेक लग्न होऊन दूरच्या देशात गेली. तिने नवे घर घेतले आणि फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं या. आणि हत्यारं घेऊन या. जेवणाचं टेबल मला तुमच्याच हातचं हवंय. आठ माणसं बसतील एवढं करा." त्या दिवशी मिस्त्रींनी मला कापडाने पुसत पुसत सांगितले, "त्या टेबलावर शेवटचा हात तुझाच बरं का." असे शब्द माणसे सहज बोलतात. आम्ही मात्र ते धरून बसतो.

करवत, हातोडी, पटाशा असे सगळे मोठ्या बॅगेत गेले. लेकीने बजावलेच होते, धारेचे काहीही हातातल्या पिशवीत ठेवू नका. पण मिस्त्रींना ते पटेना.

"मोठ्या बॅगा कशा आदळतात, पाहिलंयस का?" ते म्हणाले. "याची धार राहील का?"

"माझ्या चष्म्याची कधी एवढी काळजी केली नाहीत," बाई म्हणाल्या. "अहो, लेक काय म्हणाली ते विसरलात का? ठेवा त्याला मोठ्या बॅगेतच."

मिस्त्रींनी ऐकले नाही. मला जुन्या बनियनमध्ये गुंडाळले आणि खांद्याच्या पिशवीत कुशीवर ठेवले. मित्रांनो, मी अगदी फुलून गेलो. करवतीला मनातल्या मनात वाकुल्या दाखवल्या. ती सामानाच्या ढिगात चालली होती आणि मी धन्याच्या खांद्यावर.

विमानतळावर आमची पिशवी त्या आरपार बघणाऱ्या यंत्रातून गेली आणि पट्टा थांबला. तपासणी करणाऱ्या मुलीने मला बाहेर काढले, बनियन सोडले आणि मला टेबलावर ठेवले, तळावर. मिस्त्रींनी झटकन हात घालून मला कुशीवर केले. माझा जीव भांड्यात पडला. वाटले, हे आहेत तोवर मला काही होत नाही.

"काका, हे विमानात सोबत नेता येणार नाही. पातं आहे यात."

"अहो, शस्त्र थोडंच आहे? रंधा आहे हा. फळ्या घासायचा."

"असू दे. परत काउंटरवर जा आणि मोठ्या सामानात द्या. तुमच्या विमानाला अजून तासाच्या वर अवकाश आहे."

"जाऊन या ना," बाई म्हणाल्या. "मी थांबते इथे."

मिस्त्रींनी मागे वळून पाहिले. रांग लांबलचक होती. लोक बूट हातात धरून उभे होते आणि सगळे आमच्याकडेच बघत होते. कोणीतरी मोठ्याने सुस्कारा टाकला. मिस्त्रींचे कान लाल झाले. चाळीस वर्षांत मी त्यांना कोणासमोर ओशाळलेले पाहिले नव्हते.

"नुसतं पातं काढून दिलं तर चालेल का?" त्यांनी विचारले.

"चालेल. लाकडाला माझी हरकत नाही."

"अहो, पण ते थोरल्या मिस्त्रींचं ना?" बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"जुनंच आहे ते. पातं काय, कुठेही मिळतं."

तपासणीसाठी काढलेला बूट ट्रेमध्येच होता. मिस्त्रींनी तो उचलला आणि त्याच्या टाचेने माझ्यावर दोन ठोके दिले. रोजचेच ते ठोके, रोजच्याच जागी. तुम्हाला हसू येईल, पण मला वाटले की ते धार लावायला बसताहेत. मी खुशाल तोंड सैल सोडले. दुसऱ्या कोणी प्रयत्न केला असता तर मी पाचर इतकी घट्ट धरली असती की हातोडीनेही हलली नसती. त्यांच्यासाठी मी ती आपणहून सोडली. केसाने गळा कापणे म्हणतात, ते हेच. पाते एका खोक्यात पडले. तिथे कात्र्या होत्या, नेलकटर होते, एक पक्कडही होती. पडल्याचा आवाज मी ऐकला. मिस्त्री तेव्हा बुटाची नाडी बांधत होते.

आमच्या जातीत विमानात बसलेला मी पहिलाच असेन. कसे वाटले म्हणून विचारू नका. डोक्यावरच्या कप्प्यात उताणा पडून होतो आणि तोंडात नुसता वारा होता.

लेकीच्या घरी मोठी बॅग उघडली, तर करवतीचा एक दातही वाकला नव्हता. ज्यांच्यावर मिस्त्रींचा एवढा जीव नव्हता, ती सगळी हत्यारे सुखरूप पोचली होती. जावई भला माणूस. मला हातात घेऊन म्हणाला, "बाबा, इथे एक लोहार आहे. माप दिलं तर नवं पातं करून देईल. शनिवारी जाऊ या?"

"बघू," मिस्त्री म्हणाले.

शनिवार आला आणि गेला. असे पाच शनिवार गेले. टेबल उभे राहिले, फार देखणे झाले. शेवटचा हात फिरवायची वेळ आली, तेव्हा मिस्त्रींनी जावयाचे विजेचे यंत्र घेतले. काम झाल्यावर फळीवर तळवा फिरवला. मी वाट पाहत होतो, आता नाक मुरडतील. ते म्हणाले, "हेही बरं आहे की." त्या दिवशी आतून मोडलो, मित्रांनो.

मिस्त्री आणि बाई लेकीकडेच राहिले, आणि मी आता तिच्या दिवाणखान्यात फळीवर असतो. माझ्या तोंडात लेकीने दोन पेन खोचले आहेत. पाहुणे टेबलाचे कौतुक करतात, मग माझ्याकडे बघतात, आणि मिस्त्री त्यांना गोष्ट सांगतात. विमानतळावर पाते कसे हिसकावून घेतले, ते स्वतः कसे भांडले, कोणी कसे ऐकले नाही. प्रत्येक पाहुण्यागणिक ते भांडण थोडे वाढत जाते. गोष्ट सुरू झाली की बाई कपबशा गोळा करायला उठतात. कप अर्धे भरलेले असले तरी उठतात.

परवा दुपारी घरात कोणी नव्हते. मिस्त्री फळी पुसत होते. त्यांनी मला उचलले, पेन बाजूला काढले, माझ्या पाठीवरून कापड फिरवले आणि खाली ठेवताना त्यांचा हात आपोआप वळला. त्यांनी मला कुशीवर ठेवले. कित्येक महिन्यांनी. मग ते माझ्या रिकाम्या तोंडाकडे बघत राहिले. नंतर त्यांनी मला उचलून सरळ तळावर ठेवले आणि पेन परत खोचले. बरोबरच आहे. जपायला धारच उरली नाही, तर कुशीवर कशाला ठेवायचे?

तर मित्रांनो, प्रवासाला निघताना धारेच्या वस्तू मोठ्या पेटीत नीट गुंडाळून द्या, हे तर आहेच. पण चुकून कधी अशी वेळ आलीच, तर रांगेतल्या लोकांकडे बघू नका, ते तुम्हाला पुन्हा भेटणार नाहीत. मागे फिरा. तासभर असतो हातात. आणि कधी या घरी जेवायला आलात, तर टेबलावरून हात फिरवून पाहा, छानच झाले आहे ते. मग कोणाचे लक्ष नसताना माझ्या तोंडातले पेन काढा आणि मला एकदा कुशीवर ठेवा.