काल होता की

कालच्या हजेरीपत्रकात आपल्याच नावापुढची ती बरोबरची खूण – निळी, शेपूट जरा जास्तच लांब – हजेरीकाका मघापासून बघत होते. सभागृहातले लघुलेखक, अनुवादक, दारावरचे शिपाई, सगळ्यांची हजेरी ताडून पगारपत्रकावर ‘तपासले, बरोबर’ लिहायचं हे त्यांचं काम. अधिवेशन चालू असताना तर मान वर करायची सोय नाही. पण काल ते घरी होते. तापानं फणफणत, भिंतीकडे तोंड करून... फोन उशाशी, आवाज मोठा करून ठेवलेला, कारण कोणीतरी विचारणारच – कुठे आहात, पत्रक अडलंय. फोन वाजला नाही. संध्याकाळी त्यांनी तो चालू आहे ना ते पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

खूण शेजारच्या टेबलावरच्या बाईंची होती.

“बाई, काल मी नव्हतो.”

“काहीतरीच काय! होता की.” बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. “चहाला विचारलं तर नको म्हणालात.”

बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या रोज विचारायच्या, काका रोज नको म्हणायचे – बायको गेल्यापासून चारचौघांत बसणं नकोसंच झालं होतं – कालचं ‘नको’ बाईंच्या कानांनी आपलं आपणच ऐकलं असणार. काकांना हसू आलं. दारावरच्या शिपायालाही त्यांनी विचारून पाहिलं.

“असं कसं, साहेब? सलाम ठोकला ना मी तुम्हाला!”

टेबलाशी येऊन त्यांनी लाल पेन उघडलं. खूण खोडायची, ‘रजा’ लिहायची, संपलं. चुकीचं पत्रक त्यांच्या हातून कधी वर गेलं नव्हतं. पण हात पुढे होईना. काल या खुर्चीत कोणीतरी बसलं होतं, त्याला चहाचं विचारलं गेलं, सलाम मिळाला... आणि तिकडे घरात मी पाण्यासाठी उठताना भिंत धरत होतो, एकटा. दोघांतला खरा कोणता, हे ठरवायला या इमारतीत एकही साक्षीदार नाही. आणि आज? आज तरी आपण आलो आहोत ना?

ते मुद्दाम मोठ्यानं खोकले. बाईंनी पान उलटलं.

कितीतरी दिवसांनी काकांना राग आला – त्या रोज नको म्हणणाऱ्या माणसाचा.