मुलाकडची की मुलीकडची कॉफी

उन्नतीताईने पुण्याहून फोन करून विचारलं, "वसईत एस्प्रेसो मिळते का रे, परेश?"

मी म्हणालो, "वाटेल तेवढी."

यात खोटं काहीच नव्हतं. मी लहानपणापासून एस्प्रेसो पीत आलोय. लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात एक स्टीलचं मशीन असतं, ते घोड्यासारखं फुरफुरतं, मगातल्या दुधाला वाफ देऊन फेस आणतं, आणि वर माणूस चिमूटभर चॉकलेटी पावडर भुरभुरतो. ती एस्प्रेसो. प्यायल्यावर मिशी येते. याहून वेगळी कुठली एस्प्रेसो असते, हे २००१ साली वसईतल्या आमच्या नंदाखाल गावात कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

विचारणं होतं ते उमंगसाठी. तो ताईच्या ऑफिसातला. दोघांचं ठरलं होतं, फक्त पप्पांनी हो म्हणायचं बाकी होतं. पप्पा, म्हणजे शरदचंद्र, नारळी-केळीच्या वाडीचे मालक. जावयाबद्दल त्यांची एकच अट: वसईत ज्याला काही कमी वाटलं, तो परत गेला. पहिल्या स्थळाने पाणी मचूळ म्हटलं. दुसऱ्याने डास आहेत म्हटलं. दोघेही परत गेले, डास राहिले.

"तीन दिवस राहू दे त्याला," पप्पा म्हणाले. "माणूस तिसऱ्या दिवशी कळतो."

उमंग ताईबरोबर आला तो एक वही घेऊन. ज्या गावी जाईल तिथली चांगली एस्प्रेसो शोधायची आणि वहीत नोंद करायची, हा त्याचा नेम. बंगळूरची एकोणीस पानं होती. दहा वाजेपर्यंत कॉफी मिळाली नाही तर त्याचं डोकं दुखतं, आणि डोकं दुखलं की तो खरं बोलतो, असं ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं.

"खरं बोलला तर संपलं," ती म्हणाली. "काय करायचं ते कर."

मी सायकल काढून स्टेशनाजवळच्या हॉटेलात गेलो. गल्ल्यावरच्या माणसाला एस्प्रेसो विचारली. तो म्हणाला, "एक्स्प्रेस इथे थांबत नाही. बोरिवलीला जा."

मग मी बर्नार्ड अंकलकडे गेलो. पंचक्रोशीत मशीन त्यांचं एकट्याचं.

"अंकल, एक कप एस्प्रेसो पाहिजे."

"कोणाचं लगीन?"

"लग्न नाही. नुसती कॉफी."

अंकलनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नवरदेवाशिवाय वरात मागितली होती. "एका कपासाठी मशीन पेटत नाय, बाला. दोनशे माणूस लागतो."

भिंतीवर त्यांचं कॅलेंडर होतं. गुरुवारी गोखिवरे, शुक्रवारी राजोडी, शनिवारी नंदाखाल. मी ते कागदावर उतरवून घेतलं. वसईतल्या कॅफेंची यादी तयार झाली.

गुरुवारी आम्ही गोखिवऱ्याच्या हॉलवर गेलो. दारात फेटेवाल्या गृहस्थांनी विचारलं, "कोणाकडून?"

"मुलाकडून," मी म्हणालो.

उमंग म्हणाला, "कॅफेत हे का विचारतात?"

"मेंबरशिप आहे."

त्याने पहिला घोट घेतला. मग मिशी पुसून वहीत लिहिलं: 'गोखिवरे. खीर. गरम.'

"परेश, हे लग्न आहे ना?"

"संध्याकाळपर्यंत. मग बंद."

त्याने निमूटपणे कप संपवला. बिचाऱ्याला बहुधा वाटलं असावं, की जावयाने असंच करायचं असतं.

शुक्रवारी राजोडीला मांडव वाळूत होता. एका आजींनी अडवलं. "कोनाकडून रे तुमी?"

"मुलीकडून."

"मंग पानी तरी प्या. उन्हातून आलाव." आणि आम्हाला पंगतीत बसवून पापलेट वाढलं. तिथून उठायला दीड तास लागला. मशीनपाशी पोचलो तर उमंग थबकला.

"हे कालचंच मशीन आहे. माणूसही तोच."

"ब्रँच आहे," मी म्हणालो.

बर्नार्ड अंकलनी ओळख न दाखवता पावडर भुरभुरली. वहीत नोंद झाली: 'राजोडी. तीच खीर. पापलेट उत्तम.' उमंगचं डोकं मात्र दोन दिवसांपासून ठणकत होतं, आणि शनिवार यायचा होता.

शनिवारी आमच्याच गावात, बेटी नावाच्या शेजारणीच्या लग्नाचं रिसेप्शन. आमच्या घरी आमंत्रण फक्त पप्पांना आणि ताईला होतं. मी आठवड्यापूर्वी बेटीच्या भावाच्या स्कूटरवर नारळ पाडला होता, त्यामुळे नव्हतं. म्हणून आम्ही मागून, केळीतून गेलो. कप हातात घेऊन वळलो तर समोर पप्पा. मागे ताई, हातात केकची बशी.

"कोणाकडून आलात?" पप्पांनी विचारलं.

दोन्ही उत्तरं माझी वापरून झाली होती.

"बर्नार्डकडून," उमंग म्हणाला. आणि त्याने तीन दिवसांचं सगळं सांगून टाकलं. पप्पांनी वही मागितली, चष्मा लावून वाचली.

"खीर," ते म्हणाले. "म्हणजे वसईत काहीतरी कमी आहे."

ताईने डोळे मिटले. मी केक घेतला, कारण पुढे मिळेलच असं नव्हतं.

"हो," उमंग म्हणाला. "कॉफीत कॉफी कमी आहे."

मशीनसुद्धा फुरफुरायचं थांबलं. खरं म्हणजे बर्नार्ड अंकलनी वाफ बंद केली होती. बावीस वर्षांत असं त्यांना कोणी बोललं नव्हतं. त्यांनी कपात चार चमचे कॉफी टाकली, दूध नाही, साखर नाही, वर दोन घोट उकळतं पाणी. "घे. ही कॉफी."

उमंगने ती घेतली. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड वाकडं झालं नाही. "ही जमली," तो म्हणाला. कपाळावरच्या आठ्या तीन दिवसांत पहिल्यांदा गेल्या.

पप्पांनी कप ओढून घेतला आणि उरलेली चाखली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी कडुनिंब आला, मग कारलं, मग माझा दहावीचा निकाल.

"हे तू रोज पितोस? खुशीने?"

"रोज दोन."

पप्पा ताईकडे वळले. "उन्नती, माझ्याबरोबर आपल्या घरात कोणी टिकेल का, एवढीच मला काळजी होती. एवढं कडू खुशीने पिणारा हा टिकेल." मग उमंगला म्हणाले, "आता तोंड गोड करा, उमंगराव."

आजूबाजूला गोड म्हणून एकच गोष्ट होती. बर्नार्ड अंकलनी दूध फेसाळलं, आणि जावयाचा मान म्हणून पावडर दुप्पट टाकली. उमंगने ती खीर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. ताईने त्याची मिशी पुसली आणि मग वही उघडून पाहिली, तर शनिवारचं पान कोरंच होतं.

"नंदाखालचं काय?" तिने विचारलं.

"इथे परत यायचंय," तो म्हणाला. "लेखी काही नको."