एकटं उभं राहणारं जॅकेट

“सर, तुमचं पोट टेबलाला टेकतं, मग पोट-कंबर घट्ट करायला रोज प्लँकला आम्हालाच का जुंपता?”

हा प्रश्न भिंगरीचा नव्हताच. मैत्रिणींनी डिवचलं होतं, “दम असेल तर विचार!” आणि दम तर भिंगरीकडे नको तितका. क्लबातल्या मोठ्या मुलींना तिने नुकतंच रायफलच्या नेमात मागे टाकलं होतं, तेव्हापासून स्वारी हवेत होती. हॉलमध्ये खसखस पिकली. सरांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

“राणीसरकार, रायफल घ्या,” ते म्हणाले. “आणि जॅकेट काढा.”

“जॅकेट काढून कोण मारतं? स्पर्धेत चालतं की ते!”

“तोंड चालतंय ना तुमचं? आता हात चालवा.”

नेमबाजीचं जॅकेट म्हणजे कॅनव्हास आणि चामड्याचा नुसता पुठ्ठा. बटणं लावली की पाठ आपोआप ताठ. भिंगरीने ते तणतणत उतरवलं, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलं आणि नेम धरला. शेजारच्या पडद्यावर नेम कुठे कुठे फिरतो त्याची रेघ उमटत होती. एरवी ती रेघ काळ्या वर्तुळाच्या मध्यात मुंगीएवढी जागा घ्यायची. आज तिने पडदाभर गिचमिड केली. कंबर मागे कलली, पोट ढिलं पडलं; श्वास घेतला की नळी वर, सोडला की खाली. छर्रा लागला तो पार कडेला.

मागून हसू फुटलं. डिवचणाऱ्याच त्या, मेल्या!

सरांनी जॅकेट उचललं, बटणं लावली आणि जमिनीवर ठेवलं. ते चक्क उभं राहिलं! आत कुणी नाही आणि बेटं पहारेकऱ्यासारखं ताठ.

“हे तुझ्याशिवाय उभं राहतंय,” सर म्हणाले. “तू ह्याच्याशिवाय राहतेस का? संघात मी मुलगी पाठवतो, कपडे नाही. या खेपेला तुझं नाव कट.”

“सूड उगवताय तुम्ही!”

“उगवतोय. आणि पडद्यावरची रेघ काय माझ्या बापाने ओढली?”

घरी पोचेपर्यंत भिंगरीने मनातल्या मनात सरांना पार सोलून काढलं. बाबांनी ऐकलं मात्र, फोनच उचलला.

“त्या ढेरपोट्याची ही हिंमत? क्लबचा सेक्रेटरी माझा वर्गमित्र आहे. एक फोन, की तुझं नाव संघात!”

भिंगरीला नेमकं हेच हवं होतं. तिने जॅकेट कॉटवर आपटलं.

“आण इकडे,” आई सुईदोरा काढत म्हणाली. “परत ढिलं झालंय का? बटणं अजून थोडी सरकवून देते.”

भिंगरीने बटणांकडे पाहिलं. शेवटच्या फेरीत नेम हलला की दर वेळी ती बटणांनाच दोष द्यायची आणि आई दर वेळी बटणं सरकवायची. जॅकेट कुठे ढिलं होत होतं! आतली कंबर खचत होती. आणि हे त्या माणसाने ओळखलं, याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला.

“बाबा, फोन ठेवा. आई, बटणांना हात लावू नकोस,” ती म्हणाली. “तो माणूस मला डोळ्यांसमोर नको झालाय. माफी तर मी मेले तरी मागणार नाही. पण या वेळी मी संघात जात नाही. उद्यापासून जॅकेट कपाटात आणि मी रोज त्यांच्याच नाकासमोर प्लँकला. ठरलंय माझं.”