नाथूच्या कुंकवाखाली

अहो, इकडं पडवीत बघा. पोत्यावर बसलेला हा काळाकुट्ट लोखंडी ठोकळा, तोच मी. जीपच्या इंजिनाचा ब्लॉक. पिस्टन, क्रँक, हेड ही सगळी मंडळी माझ्या अंगाखांद्यावर नांदायची. आता ती घमेल्यात वेगळी पडलीत आणि मी उघडा बसलोय, बोलायला मोकळा.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, गार झालं, भोकं पाडली, झालो मी. ते काही मला फारसं आठवत नाही. आठवतं ते पोलादपूर. तिथं डोंगरातल्या वाडीवरच्या नाथूनं ही वापरलेली जीप घेतली. आधी बॉनेट उघडून माझ्यावर हात फिरवला आणि मगच पत्र्याकडं बघितलं. तेव्हापासून मी त्याचा.

वीस-बावीस वर्षं आम्ही वाडीवर जा-ये केली. दुधाचे कॅन, शेळ्या, वऱ्हाडं, कळा सुरू झालेल्या पोरी, सगळ्यांना सुखरूप उतरवलं. सगळ्यांच्या गप्पा ऐकल्या. कुणाची सून माहेरी बसलीय, कुणाचं जमलेलं मोडलं, मला सारं ठाऊक. पण कुणाचं काही बाहेर काढलं नाही हो. आवाज मोठा असला, तरी पोटातलं पोटात.

दर दसऱ्याला नाथू मला कुंकू लावायचा. माझ्या कुशीला एक गोल जागा आहे, लहान वाटीच्या बुडाएवढी. तिथं पत्र्याची टोपी ठोकलेली असते, आतलं पाणी अडवायला. त्याला ती कपाळासारखी वाटली असावी. कुंकू तेलात कालवायचा आणि बोटानं तिथंच लावायचा. मागल्या वर्षीचं पुसायचं नाही, देवाचं ते. थरावर थर चढत गेले.

तीन वर्षांपूर्वी नाथू गेला. गाडी त्याच्या मुलाच्या, सुनीलच्या हातात आली आणि कुंकवाचं बोटही. पण मला तहान लागायला लागली. सकाळी भरलेलं पाणी आंबेनळी घाटाच्या चढाला संपलेलं असायचं. कुठून गळतं, दिसेना. एक दिवस इतका तापलो की पिस्टन जागच्या जागी अडकले. महाडच्या एका मिस्त्रीनं कुंकवाच्या वरची बारीक रेघ दाखवली. म्हणाला, "ब्लॉक तडकलाय. भंगारात घाल."

सुनील म्हणाला, आपण घरीच धुऊन बघू. तडा निघाला तर गाडी मोडीत आणि सुनील महाडला कारखान्यात नोकरीला. त्याची आई साळूबाई उठून चुलीकडं गेली. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. सुनीलचा ठसका पडवीपर्यंत ऐकू आला.

रविवारी माझी अंघोळ निघाली. डिझेल, तारेचा ब्रश, करवंटीचे तुकडे. शेजारची तुळसा आलीच. तिला विचारल्याशिवाय वाडीत कोंबडी अंडं घालत नाही.

"काय रे सुनील, म्हशीला तरी इतकं घासलंस का कधी?"

"म्हस आंबेनळी चढते काय, काकी?"

ब्रश कुंकवापाशी आला आणि साळूबाई पुढं झाली. "तिथं नको रे. तुझ्या बापाचं बोट हाय तिथं."

"आये, सगळा धुतल्याबिगर तडा दिसणार नाय."

"नाय दिसला तर नाय."

तुळसा गप्प बसेल तर ती तुळसा कसली? "साळू, देव्हाऱ्यातल्या टाकांना वर्साला घासतेस ना गो? का तेवढ्यानं त्यांचं देवपण जातं?"

साळूबाईनं सुनीलचा ब्रश बाजूला सारला. मग तिनं करवंटीचा तुकडा उचलला. "दुसऱ्या कुणाचा हात नको," म्हणाली आणि खाली बसली. लाल, काळा, पुन्हा लाल असे थर निघत गेले. ती ते केळीच्या पानावर गोळा करत होती. शेवटच्या थराला करवंटीचं टोक कच्चकन आत गेलं. खालच्या टोपीची गंजून चाळण झाली होती.

"पानी हितनं जात होतं!" सुनील ओरडला. "आन मी तीन वर्सं त्यावर कुंकू लावतोय!"

पण ती रेघ? सुनीलनं भोकात लाकडी गुट्टा ठोकला, माझ्या पोटात डिझेल भरलं. तुळसानं चंचीतला चुना दिला. तो रेघेवर पातळ पोतला आणि वाळू दिला. तडा असला तर डिझेल पाझरून चुना काळा पडणार. तिघं माझ्याकडं टक लावून बसली. खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. आपल्याच अंगाची आपल्याला कुठं खात्री असते?

ऊन पडवीत आलं, अंगणात उतरलं. चुना पांढराशुभ्र.

"तडा नाय, आये! साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ हाय ही." म्हणजे माझी जन्मखूण हो!

साळूबाईनं पदर डोळ्यांना लावला. तुळसा म्हणाली, "रडतेस काय? माझा चुना भरून दे आधी."

काल नवी टोपी बसली. साळूबाई कुंकू घेऊन आली. सवयीनं बोट टोपीकडं गेलं, थबकलं, आणि वर सरकून त्या जन्मखुणेवर टेकलं. टोपी उघडी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी.

उद्या हेड चढेल. मग मला बोलता यायचं नाही, नुसती घरघर. म्हणून आत्ताच सांगतो. नाथू, तुझ्या मायेवर माझा राग नाही. तुळसा, तुझ्या चोंबडेपणाला दंडवत. सुनील, कुंकू जरूर लाव, पण दसऱ्याला आधी मला स्वच्छ पुसत जा. आणि साळूबाई, तुझ्या करवंटीचे ओरखडे अंगावर आहेत अजून. ते तेवढे राहू देत.