घट्टे

डर्विनने एल्वुडच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि तो खूश झाला.

"घट्टे पडले की रे. आता तार चावायची नाही तुला. झालास गिटारवाला."

एल्वुडही हसला. त्या तारांनी बोटांची पार सालटी काढली होती. डर्विन त्याचा शेजारी, कोळशाच्या खाणीत त्याच्याबरोबर राबलेला, आता चर्चमध्ये वाजवणारा. आंधळ्याला शिकवायची त्याची पद्धत साधी होती. मागे उभं राहायचं, एल्वुडचं बोट धरून तारेवर नेऊन बसवायचं आणि चुकलं की शिवी हासडायची. खाणीतल्या स्फोटात एल्वुडचे डोळे गेले, उजव्या हाताची बोटंही गेली. अंगठा तेवढा राहिला, पण तारा छेडायला तो पुरे होता.

उतारवयातलं हे खूळ बायकोसाठी, नेवासाठी होतं. पक्षाघाताने तिची वाचा गेली होती आणि ती गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात पडून होती. ईस्टरला तिथे कुणीतरी गिटारवर चर्चमधलं एक जुनं गाणं वाजवलं, तेव्हा म्हणे ती गुणगुणली. एल्वुड त्या दिवशी तापाने घरीच होता. आपल्या बायकोचा आवाज परक्याने ऐकला आणि आपण नाही, हे त्याला काही केल्या सहन होईना.

डर्विन गेल्यावर त्याने कॉफीचा डबा उचलला, झाकणावर बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. डबा चुकला असेल म्हणून दुसरा घेतला, मग तिसरा. सगळी झाकणं सपाट झाली होती.

त्याच्यासाठी नेवा पन्नाशीत ब्रेल शिकली होती. घरातल्या डब्याडब्यावर तिने ठिपके टोचून पट्ट्या चिकटवल्या होत्या, आणि नुसती नावं लिहून गप्प बसेल तर ती नेवा कसली. कॉफीवर होतं, 'एकच चमचा, हावरटा'. मक्याच्या पिठावर, 'आधी हात धू'. ती घरातून गेल्यापासून तो रोज सकाळी डाव्या तर्जनीने तिची ही बोलणी खात होता. वाचायचं बोट आणि तार दाबायचं बोट एकच, हे दोघा शहाण्यांच्या ध्यानातच आलं नाही. शिकवणारा आंधळा असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, बाबा, तू वाचतोस कुठल्या हाताने? एल्वुडने दोन्ही अंगठे फिरवून पाहिले. त्या जाड अंगठ्यांना काही उमगेना.

दुसऱ्या दिवशी त्याने डबा डर्विनपुढे धरला.

"मला काय कळतंय त्यातलं? नुसती टिंबं आहेत," डर्विन म्हणाला. त्या सगळ्या खोऱ्यात ही लिपी येणारी दोनच माणसं होती, एल्वुड आणि नेवा. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "वाजवणं सोड. महिन्या-दीड महिन्यात कातडी मऊ होईल."

"तिच्याकडे महिना नाही. डॉक्टर म्हणाला."

डर्विनने खुर्ची ओढली. "बस तर. तिसऱ्या ओळीला अडखळतोस."

रविवारी डर्विन त्याला गाडीने घेऊन गेला. एल्वुडने नेवाच्या खाटेला खुर्ची चिकटवली आणि गाणं वाजवलं. एक सूर चुकला, तरी थांबला नाही. संपल्यावर त्याने कान दिला. तिचा श्वास चालू होता, तेवढाच.

"गुणगुणली बघ. जराशी," डर्विन म्हणाला.

"डोळे गेलेत माझे, डर्विन. कान नाही गेले."

त्याने पुन्हा वाजवलं, तिसऱ्यांदाही वाजवलं. मग चाचपडत तिचा हात शोधला आणि तिला निदान थरथर तरी कळावी म्हणून गिटारच्या लाकडावर ठेवला. तारा छेडायला आपला हात काढला की तिचा घसरून चादरीवर पडे. त्याने तो उचलून परत ठेवला, परत पडला. शेवटी त्याने वाजवणं सोडलं आणि दोन्ही हातांनी तिचा तळवा त्या मुक्या लाकडावर दाबून धरला. डर्विनने निघू या म्हटलं, तरी तो तसाच बसून राहिला.